पोत्यातली माती

माझी सासू मालूबाई हिच्याबद्दल बहादरपुरात कोणालाही विचारा, पहिलं वाक्य हेच ऐकाल की बाई फाटक्या तोंडाची आहे. खोटं कशाला बोलू, आहेच. दूधवाल्याला पाण्यावरून, गॅसवाल्याला उशिरावरून, मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तो घरात दिसला की दिसला म्हणून आणि नाही दिसला की नाही दिसला म्हणून. मला तर सकाळी डोळे उघडल्यापासून. पण हीच बाई वर्षातले आठ दिवस एक शब्द चढ्या आवाजात बोलायची नाही, कारण त्या आठ दिवसांत आमच्या घरात बाडी बसायची.

बाडी म्हणजे गणगौरीची खोली. होळीनंतरच्या एकादशीला बांबूच्या नऊ टोपल्यांत माती भरून गहू पेरायचे, खिडकी झाकून अंधार करायचा आणि पाडव्यानंतरच्या तिजेला दार उघडायचं. तोवर आत फक्त बाडी सांभाळणारी जाते, दुसरं कोणी उंबरासुद्धा ओलांडत नाही. गावच्या बाया रोज संध्याकाळी दाराबाहेर बसून गाणी म्हणतात. अंधारात वाढलेले जवारे हिरवे नसतात, हळदीसारखे पिवळे येतात, आणि तीच आमची माता रणुबाई. ज्यांचा नवस असेल ते तिचा डोक्यावर मावेल एवढा रथ सजवतात, जवारे रथात बसतात, बाया तो डोक्यावर घेऊन नाचतात आणि शेवटी राजघाटावर तापीत तिची बोळवण होते.

एकतीस वर्षं आत्याबाईंनी ती बाडी सांभाळली. सासूला मी आत्याबाईच म्हणते. पहाटे थंड पाण्यानं अंघोळ, एक वेळचं जेवण, दाराला टेकून झोप आणि कमरेला किल्ली. एकतीस वर्षांत एक टोपली बिघडली नाही. गावात म्हणायचे, मालूबाईचा हात लागला की दगडाला कोंब फुटेल.

मग मार्गशीर्षात माझे सासरे सदाशिवराव गेले.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी गणगौरीचं ठरवायला बाया आमच्या ओसरीवर बसल्या, तेव्हा आशाबाईंनी विषय काढला. आशाबाई म्हणजे आत्याबाईंची थोरली जाऊ, घर समोरच. आवाज एकदम गोड. "मी काही वाईटावर नाही मालू, पण हे सवाशिणींचं काम आहे. पांढऱ्या कपाळाच्या हातची गव्हाची मूठ माता घेईल का?"

सगळ्यांच्या नजरा आत्याबाईंच्या कपाळाकडे गेल्या. शारदा तेवढी खाली मान घालून आपल्या पोरीच्या झबल्याची नाडी बांधत बसली. या शारदाला लग्नाला अकरा वर्षं झाली तरी लेकरू नव्हतं. आमच्या बाडीपाशी ती नवस बोलली आणि पोरगी झाली, म्हणून या वर्षीचा रथ तिचा होता. तिला काय वाटत असेल ते तिलाच ठाऊक.

मला वाटलं आता आत्याबाई आशाबाईंची सात पिढ्यांची उजळणी करतील. त्यांनी फक्त कमरेच्या किल्लीवर हात ठेवला. "या वर्षी बाडी माझ्याकडेच बसेल. नवातली एक जरी टोपली बिघडली तर सगळ्यांसमोर ही किल्ली तुझ्या पदरात टाकीन. बोली ती बोली."

झालं. चार महिन्यांपूर्वी नवरा गेलेली बाई, तिच्याकडे अभिमानाची एकच गोष्ट उरलेली, आणि ती तिनं पैजेवर लावली.

आता माझं सांगते, कारण या गोष्टीतली खोटी बाजू माझी आहे. मी रंजिता. घरातल्या घरात मायक्रोग्रीन पिकवते. म्हणजे मुळा, मोहरी, मेथी, सूर्यफूल यांची रोपं बोटभर झाली की कात्रीनं कापायची, डब्यात भरायची आणि गिऱ्हाइकाला पोचवायची. मका ठेवायची खोली रिकामी होती, तिथे रॅक लावले, वर ट्यूबलाइट, ट्रेमध्ये मातीऐवजी नारळाचा भुसा, कोकोपीट म्हणतात तो. व्हिडिओ बघून शिकले. बुऱ्हाणपुरात अमृता मॅडम म्हणून आहेत, काय खावं काय नाही ते पेशंटांना सांगतात, त्यांनी माझे डबे चार लोकांना सुचवले म्हणून माझं चाललं होतं. आत्याबाई त्याला घासफूस म्हणायच्या. "माझी सून घासफूस विकते, शहरातले लोक गुरांसारखे खातात," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

होळीच्या आधी एकदा पाहुण्यांसमोर त्या असंच बोलल्या आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुमची बाडी काय वेगळी आहे? तेच बी, तेच पाणी. मी विकते, तुम्ही पूजता, एवढाच फरक."

आत्याबाईंनी हातातला झारा खाली ठेवला आणि आमचा अबोला सुरू झाला. गणेश, माझा नवरा, केळीच्या गाड्या भरून द्यायच्या कामावर असतो, घरी असला की त्याच्यामार्फत बोलणं. "गणेश, तुझ्या बायकोला सांग, दूध उतू चाललंय." तो नसला की भिंतीला सांगायच्या. मीही कमी नव्हते, मी भिंतीलाच उत्तर द्यायचे.

त्याच दिवसांत माझ्या तीन ट्रेंना बुरशी लागली होती. रोपं बुडातून सडून आडवी पडली. तो सगळा भुसा एका पोत्यात कोंबून मी न्हाणीमागे ठेवला होता. मळ्यात नेऊन जाळायचं होतं. आज नेते, उद्या नेते करता करता तीन आठवडे ते पोतं तिथेच राहिलं.

आणि आली एकादशी. दर वर्षी आत्याबाई मळ्याच्या बांधावरची माती आणून वाळवायच्या आणि जुन्या लुगड्यातून चाळायच्या. खडा राहिला तर मातेला टोचेल म्हणून दोनदा चाळायच्या. या वर्षी मला चाळण्याचा आवाज आला नाही. दुपारी न्हाणीमागे गेले तर माझं पोतं अर्धं रिकामं! आत्याबाई हात धूत होत्या आणि त्यांच्या नखांत तपकिरी भुसा अडकला होता. मऊ, मोकळा, आयता चाळलेला. कोणालाही फसवेल असा.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. "ती माती नको," एवढंच बोलायचं होतं. गव्हाची मूठ संध्याकाळी पडणार होती, वेळ होता. पण मनात आलं की अबोला त्यांनी धरलाय, आधी त्या बोलतील मग मी. आणि अजून एक गोष्ट आली, ती सांगायला लाज वाटते: बघू दे यांना, बाडी आणि माझा ट्रे एकच आहे की नाही. मी तोंड मिटून स्वयंपाकघरात गेले आणि कणीक मळत बसले.

पुढचे तीन दिवस काही झालं नाही. मी मनाची समजूत घालत होते की आत्याबाईंचा हात आहे, काही होणार नाही. बाहेर ऊन असं की चप्पल काढली तर पाय भाजावा, आणि आत खिडकी झाकलेली, कोंदट, ओलं. बुरशीला याहून चांगलं घर कुठे मिळणार? हे मला माहीत होतं. गावात फक्त मलाच माहीत होतं.

पाचव्या दिवशी, अमावस्येला, बाडीच्या दारापाशी झाडताना तो वास आला. ओलं तरट कोपऱ्यात विसरल्यावर येतो तसा. माझ्या तीन ट्रेंना हाच वास आला होता. मी केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिले. तीज तीन दिवसांवर आली होती.

तेवढ्यात आत्याबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या. उंबऱ्याला त्यांचा पाय ठेचकाळला. एकतीस वर्षं ओलांडलेला उंबरा! मग त्यांनी लोट्यात पाणी ओतलं ते निम्मं बाहेर. मी बघितलं आणि बघूनही काही समजले नाही, इतकी मी माझ्याच भीतीत होते.

पाडव्याच्या सकाळी वास उंबऱ्याबाहेर आला. समोर आशाबाईंच्या दारात गुढी उभी राहत होती. आमच्याकडे सासऱ्यांचं वर्ष सरलं नव्हतं, म्हणून गुढी नव्हती. मी बाडीच्या बंद दारापाशी बसले आणि दाराला तोंड लावून म्हटलं, "आत्याबाई, शिव्या द्या, मारा, पण ऐका. जवाऱ्यांना वास येतोय."

आत भांडं वाजलं आणि थांबलं.

"गव्हाच्या बुडाशी पांढरं दिसतं का? कापसाच्या तंतूसारखं? त्यावर पाणी शिंपडा. पाणी पडल्यावर नाहीसं झालं तर ती मुळांची लव, भिऊ नका. तसंच राहिलं तर बुरशी."

मग दारामागून, अगदी जवळून आवाज आला. "रंजे, मला दिसत नाही."

"अंधार आहे. समई जवळ घ्या."

"समई माझ्या हातातच आहे."

मी दाराला कान लावला.

दाराच्या फटीतून त्या बोलत राहिल्या, हळू, जसं काही भाजीचा भाव सांगताहेत. दोन वर्षं झाली होती. डोळ्यांवर धुकं आलं होतं. फक्त सासऱ्यांना माहीत होतं. दोन वर्षं माती तेच चाळून द्यायचे, बाडीच्या दारापर्यंत हात धरून तेच आणायचे, आणि बाहेर कोणाला कळू नये म्हणून दोघं उगाच भांडायचे. "या वर्षी चाळायला कोणाला सांगू? तुझ्याशी तर बोलणं नव्हतं. मांडीवर घेऊन बोटांनी खडे शोधत बसले, हात कापले. मग न्हाणीमागे ती मऊ माती हाताला लागली. मला वाटलं, तेच जाता जाता चाळून ठेवून गेले."

देवा रे! माझ्या सडक्या भुशाला ती बाई नवऱ्याची शेवटची आठवण समजली होती.

"ते माझं पोतं होतं," मी म्हटलं. "बुरशीचं. तुम्ही ते घेतलं हे मी पेरणीच्या आधी पाहिलं. मुद्दाम बोलले नाही."

आता दार उघडेल आणि कळशी माझ्या डोक्यात बसेल, असं वाटलं. बसायला हवी होती. पण आतून एक मोठा श्वास ऐकू आला, आणि मग आत्याबाईंचा नेहमीचा आवाज. "आता काय करायचं ते सांग. रडणं मागाहून."

"मी आत येऊ?"

"खबरदार! उंबऱ्याला पाय लावलास तर तंगडी मोडीन. डोळे गेलेत, हात नाही गेले. तू बोल."

मग मी बोलत राहिले आणि त्या करत राहिल्या. वरून पाणी एकदम बंद. थाळीत बोटभर पाणी घ्या, टोपली त्यात ठेवा, खालून पिऊ द्या, मग उचला. एकेक झुबका चिमटीत धरा, चिकट लागला, ओढताच सुटून आला, तर तो मेलेला, बाहेर काढा. घट्ट बसला असेल तर हात काढून घ्या. माझ्या रॅकवरचा बॅटरीचा छोटा पंखा मी किलकिल्या केलेल्या दारातून, उंबऱ्यावरून आत सरकवला. "चालतो का बाडीत?" मी विचारलं. "आईला काय गरम होत नाही?" त्या म्हणाल्या आणि पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. पहिल्या टोपलीतून चार झुबके निघाले, दुसरीतून सात. आठवीला त्या थांबल्या. नववीला त्यांनी मोजणंच सोडलं. दाराखालून एका फडक्यात गुंडाळून सडलेले जवारे बाहेर आले, माझ्या दोन ओंजळी भरल्या.

संध्याकाळी बाया गाण्याला आल्या तेव्हा मी ऊद जाळून ठेवला होता. तरी दोन गाण्यांनंतर आशाबाईंनी नाकाला पदर लावला. "वास कसला गं?"

"माझ्या खोलीतला. मुळा सडला ट्रेमध्ये," मी म्हटलं.

"असं होय," त्या म्हणाल्या आणि बाडीच्या दाराकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी, बीजेला, मला राहवेना. माझ्या खोलीत गव्हांकुराचा एक ट्रे होता, पेशंटांच्या रसासाठी लावलेला, अजून झाकलेला, म्हणून पिवळाच. उंची तीच. मी ट्रे घेऊन दारापाशी गेले. "आत्याबाई, नववी टोपली बाहेर द्या. मी भरून देते. कोणाला कळणार नाही."

"मुठीतून जो दाणा पडला, तोच दाणा रथात बसतो."

"किल्ली जाईल हो तुमची!"

"आंधळी मी झाले, आई नाही झाली," आत्याबाई म्हणाल्या. "ने ते."

मी ट्रे परत नेला आणि त्याच्यासमोर बसून ढसाढसा रडले. राग त्यांचा आला होता की माझा, कोण जाणे.

तिजेला सकाळपासून अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शारदाचा रथ सजून उभा, ढोलवाले घाम पुसत उभे. बुऱ्हाणपूरहून अमृता मॅडमसुद्धा आल्या होत्या, मीच महिन्यापूर्वी मोठ्या तोऱ्यात बोलावलं होतं. आत्याबाईंनी किल्ली फिरवली. कुलूप त्यांना एका झटक्यात सापडलं नाही, दोनदा किल्ली घसरली. मग दार उघडलं.

सात टोपल्या अशा पिवळ्या की ढोलवाला आपोआप वाजवायला लागला. मग त्याला आठवी दिसली आणि नववी, आणि त्याची टिपरी थांबली. आठवीत जवारे विरळ होते. नववीत उघडी माती आणि मध्ये मोजून पंधरा-वीस पाती.

मागून एक बाई हळूच म्हणाली, "कपाळ पांढरं, मग काय होणार." दुसरीनं चक् चक् केलं. शारदानं पोरीला छातीशी ओढून घेतलं. आशाबाई पदर नीट करत पुढे आल्या. "मी बोलले होते," एवढंच म्हणाल्या. आत्याबाईंचा हात कमरेकडे गेला.

"माती माझी होती!" मी इतक्या जोरात बोलले की माझी मीच दचकले. "माझे ट्रे बुरशीनं सडले, तो भुसा मी पोत्यात भरून ठेवला होता. आत्याबाईंच्या हातून तो टोपल्यांत गेला, मी ते पाहिलं आणि गप्प बसले. यांचा माझा अबोला होता म्हणून. माता कोपली नाही, कपाळाचं काही नाही. पाप माझं आहे."

अमृता मॅडम फोटो काढत होत्या, त्यांनी मोबाइल खाली घेतला. बुरशी हा शब्द त्यांनी ऐकला होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांची ऑर्डर बंद झाली आणि त्यांच्यामागून बाकीच्यांची. त्याचं मला त्या क्षणी सुचलंही नाही.

"पोरगी खरं बोलते, पण अर्धं," आत्याबाई म्हणाल्या. आवाज जरासुद्धा कापला नाही. "मला दोन वर्षांपासून दिसत नाही. माती बघता आली नाही, बुरशी बघता आली नाही. ज्यांना दोष द्यायचा त्यांनी या डोळ्यांना द्या. या पोत्याला द्या. माझ्या कपाळाला देऊ नका. त्या कपाळावरच्या कुंकवाचा धनी दोन वर्षं या बाडीची माती चाळत होता."

तेव्हा शारदा पुढे आली. पोरगी तिनं माझ्या हातात दिली, सरळ बाडीच्या दारात गेली, वाकली आणि ती उजाड नववी टोपली उचलून डोक्यावर घेतली.

"अगं, ती कशाला? चांगल्या सात आहेत ना," आशाबाई म्हणाल्या.

"अकरा वर्षं तुम्ही कोणी मला बारशाला बोलावलं नाही," शारदा म्हणाली. "ओटी भरताना माझ्यासमोरून ताट पुढे न्यायच्या. मालूबाईनं हाताला धरून इथे, या उंबऱ्यापाशी बसवलं होतं. माझ्या रथात पहिली हीच टोपली बसेल."

आणि बसली. ढोल वाजला. बाया रडत होत्या, नाचत होत्या, दोन्ही एकदम. आशाबाईंच्याही डोळ्याला पाणी आलं, खोटं नाही बोलणार. त्या आत्याबाईंजवळ आल्या. "राहू दे मालू. किल्ली तुझ्याकडेच राहू दे. झालं गेलं."

आत्याबाईंनी चाचपून त्यांचा पदर शोधला आणि किल्ली त्यात टाकली. "दोन टोपल्या बिघडल्या. बोली ती बोली."

राजघाटावरून परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्याबाई मोकळ्या बाडीच्या उंबऱ्यावर बसल्या. हात सारखा कमरेकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. मला ते बघवेना.

"तुम्ही मला काहीच का बोलत नाही?" मी विचारलं. "दोन शिव्या तरी घाला."

"अबोल्यात दोघी होतो," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "ते पोतं जाळलंस का?"

"नाही."

"नाही? एवढं रामायण झालं आणि पोतं अजून तिथेच? ऊठ, आळशी कुठची!"

मी उठले. न्हाणीमागून उरलेलं पोतं ओढत परसात आणलं आणि पेटवलं. भुसा नीट जळेना, धूर फार झाला. आत्याबाई भिंत धरत धरत आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

"उद्या मला डोळ्यांच्या दवाखान्यात ने," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी ती गाणी आतूनच ऐकली. बाहेर कोण कोण बसतं, गाताना कोणाचं तोंड कसं दिसतं, कधी पाहिलंच नाही. पुढच्या वर्षी मी बाहेर बसणार. तेवढं दिसायला पाहिजे."